नसलेल्या वजनाचा भाव

आमच्या पिंपळगाव बसवंतमध्ये मूल जन्मलं की पहिला प्रश्न ‘मुलगा की मुलगी?’ आणि लगेच दुसरा ‘किती भरलं?’ हे ‘भरणं’ मार्केट यार्डातलं. टोमॅटोची जाळी वीस किलो भरते, ट्रॉलीतला कांदा तीस क्विंटल भरतो, तसं बाळ पावणेतीन किलो भरतं. थोडं कमी भरलं की आजीचा चेहरा असा पडतो, जसा काही भावच पडला. मुंबई-आग्रा हायवेच्या काठावरचं आमचं गाव काट्यावर जगतं. कांदा असो, टोमॅटो असो की द्राक्षं, हिशोब एकच : वजन वाढलं की पैसे वाढतात. हा नियम इथल्या पोरांना न्यूटनच्या आधी कळतो.

अशा गावात राहून मी एकदा वजन कमी असण्याचे जादा पैसे मोजले. त्याची ही हकिगत.

वस्तूचं नाव क्रॅम्पॉन. बर्फावरून चालताना बुटाखाली बांधायची धातूची चौकट. तिला खालून दहा-बारा दाते, अंगठ्याच्या पेराएवढे, टोकदार. दाते बर्फात रुततात आणि माणूस घसरत नाही. एवढंच. पण ज्या वस्तूचं काम एका वाक्यात सांगता येतं, तिच्या खरेदीला तीन महिने लागतात, हे कुकर किंवा मोबाइल घेतलेल्या कुणालाही माहीत आहे.

पिंपळगावात बर्फ कुठला, असं तुम्हाला वाटेल. आमचा निफाड तालुका थंडीसाठी राज्यात नावाजलेला. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पेपरात निफाडचं नाव महाबळेश्वरच्या वर छापून येतं. ते वाचून छाती फुगते. मात्र ती फुगलेली छाती घेऊन पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला जावं लागतं, कारण थंडीनं द्राक्षाचे मणी तडकतात. इतकं करूनही आमच्याकडे बर्फ येतो तो दोनच वाटांनी. एक वरून, गारपीट होऊन. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती अशी आली की बागांचे नुसते सांगाडे उरले. दुसरा टेम्पोतून, गोणपाटात गुंडाळलेली लादी होऊन, रसवंतीसाठी. या दोन्हींवर चढाई करता येत नाही. दुसरीवर मी करून पाहिली, ते पुढे येईलच.

माझं गिर्यारोहण गच्चीवरून सुरू झालं. पाऊस सरून हवा धुतल्यासारखी झाली की उत्तरेला सातमाळेची रांग दिसते. धोडप, रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, अचला असं एकेक करत बरेच रविवार संपवले. मग साल्हेर, १,५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. मग कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथं महाराष्ट्र संपतो. त्याहून वर चढायचं तर आधी रेल्वेचं तिकीट काढावं लागतं.

ते काढून हिमालयातल्या केदारकंठाला जाऊन आलो. तिथं बुटावर रबराचं कडं आणि त्याला साखळ्या, साखळ्यांना छोटे छोटे खिळे, असं काहीतरी चढवून देतात. सगळे त्याला क्रॅम्पॉन म्हणतात. आम्हीही म्हणालो आणि तसे फोटो टाकले. ती क्रॅम्पॉनची धाकटी मावसबहीण, मायक्रोस्पाइक, हे मला दोन वर्षांनी कळलं. मनालीजवळच्या फ्रेंडशिप पीकला, म्हणजे ५,२८९ मीटरवर, जायचं ठरलं आणि सामानाच्या यादीत ‘क्रॅम्पॉन, दहा किंवा बारा दाती’ असा शब्द आला. त्यापुढं लिहिलं होतं : मनालीत भाड्यानं मिळतील.

खरं म्हणजे हा लेख इथंच संपायला हवा होता. पण माझा मेहुणा पुण्याला असतो.

पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेचे आठ जण २०१२मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले, २०१९मध्ये दहा जण कांचनजुंगावर. तेव्हापासून त्या शहरात पर्वती चढणारा माणूसही उतरताना ऑक्सिजनवर बोलतो. मेहुण्यानं फोनवरच विषय हातात घेतला.

‘‘दाजी, भाड्याची स्टीलची असतात. नऊशे ग्रॅम, किलोभर भरते जोडी. पायात लोखंड बांधून हिंडणार का? पायातला एक किलो म्हणजे पाठीवरचे पाच किलो. अ‍ॅल्युमिनियमची घ्या. साडेचारशे ग्रॅममध्ये काम.’’

पायातल्या एकाचे पाठीवर पाच, हे गिर्यारोहकांत जुनं गणित आहे. कुणी चार म्हणतं, कुणी सहा. कारण मात्र एकच सांगतात. पाठीवरचं ओझं एकदा उचललं की ते आपल्याबरोबर सरकत राहतं. पायातलं ओझं प्रत्येक पावलाला नव्यानं उचलावं लागतं, आणि ठेवून पुन्हा उचलावं लागतं. म्हणजे पाठ ही गोदाम आणि पाय म्हणजे हमाल.

हे मला लगेच पटलं. कागद घेतला. स्टीलची जोडी ९०० ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची ४६०. एका पायाला २२० ग्रॅम वाचले. शिखराच्या दिवशी दहा हजार पावलं धरली. झाले २,२०० किलो. बावीस क्विंटल! टोमॅटोच्या ११० जाळ्या! पाच हजार मीटर उंचीवर, अंधारात, अर्धपोटी मी ११० जाळ्या उचलण्यातून सुटणार होतो, आणि त्यावरची हमाली वाचली ती वेगळीच.

मग कागद उलटा केला. स्टीलची जोडी साडेआठ हजार, अ‍ॅल्युमिनियमची साडेबारा. म्हणजे ४४० ग्रॅम कमी मिळावेत म्हणून चार हजार जास्त. भागाकार केला. नसलेल्या मालाला किलोमागे नऊ हजार रुपये! २०२३च्या जुलैत किरकोळ बाजारात टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली तेव्हा देशभर ओरड झाली होती. तो टोमॅटो निदान पिशवीत तरी पडत होता.

जेवताना विषय निघाला तो आईपाशी अडला.

‘‘कशाची घेतोय म्हणाला?’’

‘‘अ‍ॅल्युमिनियमची.’’

‘‘म्हणजे जर्मनची?’’

आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. आईच्या स्वयंपाकघरात धातूंची उतरंड पक्की आहे. तांबं-पितळ देवाचं. स्टील पाहुण्यांचं, त्यावर नाव घातलेलं असतं, आणि त्यातलं निम्मं बोहारणीशी तासतासभर घासाघीस करून, जरीच्या साड्या देऊन मिळवलेलं असतं. आणि जर्मनचं म्हणजे कुणी बघत नसताना वापरायचं : आंघोळीच्या पाण्याचं पातेलं, गाईच्या आंबोणाचं टोपलं. जरीची साडी देऊन जर्मनचं पातेलं घेतल्याची एकही नोंद आमच्या घराण्यात नाही.

‘‘स्टील सोडून जर्मनला जास्त पैसे?’’ आई म्हणाली. ‘‘वर्षात पोचे पडतील. आणि एक सांगते, आंबट काही ठेवू नको त्यात.’’

अ‍ॅल्युमिनियमच्या क्रॅम्पॉनवर जगभर जे काही लिहिलं गेलंय त्याचं सार पहिल्या वाक्यात आलेलं होतं. फक्त आंबटाचा मुद्दा नवीन होता.

नानांनी मोबाइलवरचं चित्र चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. त्यांना लांबचं चष्म्यानं आणि खोटं चष्म्याशिवाय दिसतं.

‘‘ही तर पत्री. बैलाला मारतात ती. गावात डांबरी आली तशी पत्री आली. खूर झिजू नये, बैल घसरू नये म्हणून. तू कुठल्या डांबरीवर चालला?’’

नाना फारसे चुकले नव्हते. पूर्वी आल्प्समधले लोक बर्फाच्या उतारावर कुऱ्हाडीनं पायऱ्या खोदत चढायचे. आपल्याकडे हरिहरवर ज्या कुणी उभ्या कातळात पायऱ्या खोदल्या, त्यानं एकदाच घाम गाळला आणि आपण अजून फुकट चढतोय. बर्फातली पायरी दुसऱ्या दिवशी जागेवर नसते. १९०८मध्ये ऑस्कर एकेन्स्टाइन या इंग्रज गिर्यारोहकानं यावर तोड काढली. हा पेशानं इंजिनियर. पायरी डोंगरात खोदण्यापेक्षा पायातच बांधून न्यावी, असा त्याचा हिशोब. त्यानं दहा दात्यांची चौकट आखली आणि ती घडवली इटलीतल्या कुर्मायोर गावच्या ग्रिव्हेल नावाच्या लोहारानं. घराणं मूळचं शेतीची अवजारं करणारं. पुढं १९२९मध्ये त्याच घरातल्या मुलानं चवड्यापुढं आडवे निघणारे आणखी दोन दाते काढले. दहाचे बारा झाले आणि उभ्या बर्फावर तोंड भिंतीकडे करून चढता येऊ लागलं.

हे सगळं मी नानांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी त्यातला एकच शब्द उचलला : लोहार. अर्ध्या तासात आम्ही हायवेजवळच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या शेडमध्ये उभे होतो. द्राक्षबागेचे अँगल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, फवारणीच्या ब्लोअरचे सांगाडे, सगळं इथंच होतं. त्यानं चित्र बघितलं, माझ्या बुटावर टेप लावला आणि खडूनं फरशीवर आकडे मांडले.

‘‘पाच एमएमची पट्टी घेऊ. दाते खालून वेल्डिंग. एका पायाला दोन किलो जाईल. वाकलं तर पैसे परत.’’

‘‘मला हलकं पाहिजे होतं.’’

त्यानं वेल्डिंगचा काळा चष्मा वर केला. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. ‘‘हलकं काम आपण करत नाही, भाऊ.’’

राहता राहिले आमचे शेजारी. ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेले. मिगपासून सुखोईपर्यंतची विमानं तिथं जोडली गेली. यांचं सगळं आयुष्य अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांत गेलं. गल्लीत या धातूची बाजू घेणारे ते एकटेच, म्हणून मी मोठ्या आशेनं गेलो.

‘‘पातेल्याचं अ‍ॅल्युमिनियम वेगळं आणि हे वेगळं,’’ काकांनी सुरुवात केली. ‘‘ह्यात जस्त घालतात, मग उष्णतेचे संस्कार करून ताकद आणतात. विमानाला असंच वापरतात.’’ मी हे वाक्य आईला सांगण्यासाठी पाठ करून टाकलं. ‘‘पण बघ. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या एक-तृतीयांश वजनाचं. मग तुझी ही वस्तू एक-तृतीयांश का नाही? निम्मीच का?’’

मला सांगता आलं नाही.

‘‘कारण तेवढी ताकद यायला पट्टी जाड करावी लागते. म्हणजे हलकेपणातलं थोडं परत द्यावं लागतं. आणि दुसरं, हे मऊ आहे. दगडावर चाललास की दाते बोथट. काचेसारख्या कडक बर्फावर पुढच्या दात्यांवर उभा राहिलास तर वाकतील. तिसरं म्हणजे हे मनात ठेवतं.’’

‘‘काय ठेवतं?’’

‘‘स्टीलला एका मर्यादेच्या आत कितीही वेळा वाकव, ते विसरून जातं. अ‍ॅल्युमिनियम प्रत्येक वाकणं मोजून ठेवतं आणि एक दिवस तडकतं. साहेब लोकांसारखं.’’ काकांनी चहाचा घोट घेतला. पेन्शन सुरू झालेला माणूसच हे इतक्या शांतपणे बोलू शकतो. ‘‘म्हणून मऊ तळाच्या बुटावर चढवू नको. बूट वाकला की चौकट वाकते.’’

या बुटांचंही एक पत्रिका-प्रकरण आहे. क्रॅम्पॉनचे बांधणीवरून तीन प्रकार. सगळीकडून पट्ट्यांनी आवळायचे, ते कुठल्याही कडक बुटाशी संसार करतात. पुढे पट्टा आणि मागे खटका असलेले, त्यांना बुटाच्या टाचेशी खाच लागते. आणि पुढे तार, मागे खटका असलेले, त्यांना दोन्हीकडे खाचा लागतात. नाहीतर अर्ध्या वाटेत काडीमोड. मी बूट मनालीत भाड्यानं घेणार होतो, म्हणजे नवरा अजून बघायचा होता. म्हणून पट्ट्यांची जोडी ठरवली.

एव्हाना कुणीही शहाण्या माणसानं भाड्याच्या स्टीलवर शिक्का मारला असता. अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूनं खरा मुद्दा एकच होता : आमची चढाई जूनमधली, वाट बहुतेक बर्फाच्या उताराची, त्यात कडक निळा बर्फ कमी. अशा भुसभुशीत किंवा पहाटे आळलेल्या बर्फावर, हिमनदी ओलांडायला, स्कीवाल्यांना सॅकमध्ये टाकून न्यायला अ‍ॅल्युमिनियम उत्तम. लोकांना मी हेच कारण सांगितलं. मनातलं वेगळं होतं. द्राक्षाचा मणी अठरा एमएमचा व्हावा, घड भरावा, पेटी भरावी, म्हणून वीस वर्षं वजनाच्या मागे धावलो. काट्यावर माल ठेवताना दर वेळी मनात एकच धावा : अजून थोडं भरू दे. एकदा तरी काट्यावर काहीतरी ठेवून ‘कमी भर रे बाबा’ असं म्हणावंसं वाटलं. एप्रिलची खरड छाटणी आटोपली त्या रात्री मी बटण दाबलं.

आठ दिवसांनी खोकं आलं. इतकं हलकं की पोरगा म्हणाला, ‘‘पप्पा, रिकामं पाठवलं.’’

पहिली चाचणी भुईकाट्यावर. कांद्याची एक ट्रॉली उतरली आणि काटा मोकळा झाला, तेवढ्यात ओळखीच्या मापाऱ्याला मस्का मारून मी क्रॅम्पॉनची जोडी त्या लोखंडी मैदानाच्या मधोमध ठेवली. भुईकाटा पाच किलोच्या पटीत बोलतो. लाल आकडा स्थिर होता : शून्य.

‘‘केवढ्याला?’’ मापाऱ्यानं खिडकीतून विचारलं.

‘‘साडेबारा हजार.’’

तो आकड्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या काट्यावर शून्य किलोचा माल साडेबारा हजाराला गेला नव्हता. ‘‘आता तुम्ही उभे राहा,’’ तो म्हणाला. उभा राहिलो. ८० आलं. ‘‘ह्याच्यातलं पाच-दहा किलो कमी केलं असतं तर फुकटात झालं असतं ना.’’

रांगेतले ट्रॅक्टरवाले हसले. मी म्हणालो, पायातला एक किलो म्हणजे पाठीवरचे पाच. तो म्हणाला, पोटातला कुठं धरायचा?

भुईकाट्यावर माझं समाधान होईना म्हणून सराफाकडे गेलो. त्यांनी आधी ‘‘मोड आहे का?’’ म्हणून विचारलं आणि पिशवीतून निघालेली वस्तू बघून काउंटरवरची मखमल हळूच मागे ओढली. काट्यावर आलं ५४८ ग्रॅम. खोक्यावर छापलेलं होतं ४६०! बर्फ चिकटू नये म्हणून खाली रबरी प्लेटा असतात, त्या खोक्यावरच्या आकड्यात धरल्याच नव्हत्या. काटा मारणं आम्हाला नवीन नाही. वजन कमी दाखवून पिकवणाऱ्याला बुडवायची रीत आम्ही जाणतो. इथं वजन कमी दाखवून घेणाऱ्याला बुडवलं होतं. काटा मारायला दोन्ही दिशा मोकळ्या आहेत, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं.

त्या प्लेटांची गंमत मात्र मला कुणी समजावून सांगावी लागली नाही. दुपारी बर्फ ओला झाला की तो दात्यांच्या मध्ये भरतो, पावलागणिक थर चढतो आणि शेवटी माणूस दात्यांवर नव्हे तर बर्फाच्या गोट्यावर उभा राहतो. मग घसरतो. प्लेट चिकटू देत नाही. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचं काळं रान आलं. जुलैच्या पावसात वाफसा नसताना त्या मातीत दहा पावलं चाला. पहिल्या पावलाला चप्पल, तिसऱ्याला खडाव, सातव्याला स्टूल, आणि दहाव्याला चप्पल मागे राहून माणूस पुढे. पायातल्या एका किलोचे पाठीवर पाच, हे निफाड तालुक्यानं जगाच्या आधी शोधून काढलेलं आहे. फक्त लिहून ठेवलं नाही.

आता लादीची गोष्ट. मे महिना, दुपार. रसवंतीवाल्याकडून अर्धी लादी आणली, गोणपाट सोडलं, अंगणात दोन विटांवर तिरकी टेकवली. बूट चढवले, पट्टे आवळले, पट्ट्यांची टोकं खोचली. लोंबणाऱ्या टोकात दाता अडकून भलेभले पडतात, असं वाचलं होतं. क्रॅम्पॉन घालून पाय जवळ घेऊन चालायचं नसतं. आपल्याच पॅन्टीत आपलाच दाता अडकतो. म्हणून अंगणभर फेंगडा चालत मी लादीपाशी आलो. भिंतीवर गल्लीतली पोरं ओळीनं बसली होती.

उजवा पाय मारला. टक्क. दाता आत जाण्याऐवजी पांढरी रेघ ओढून निसटला. जोरात मारला. पुन्हा रेघ. तिसऱ्या वेळी सगळं अंग टाकलं. दाते रुतले नाहीत, पण लादी विटांवरून सुटली, माझा पाय घेऊन अंगणातून सरळ तुळशीकडे निघाली आणि मी होतो तिथंच बसलो.

रसवंतीवाला गोणपाट परत न्यायला थांबला होता. त्यानं कमरेचा टोचा काढला, लादीवर दोन ठोके घातले. लादीचे चार तुकडे.

‘‘कारखान्याचा बर्फ आहे हा,’’ तो म्हणाला. ‘‘याला लोखंडच लागतं.’’

पाणी गोठून होणारा बर्फ वेगळा आणि आभाळातून पडून दबत जाणारा वेगळा. पहिल्याला स्टील, दुसऱ्याला अ‍ॅल्युमिनियम चालतं. जगभरच्या तज्ज्ञांचं यावर एकमत आहे. त्यात आमच्या रसवंतीवाल्याचं मत धरलेलं नाही, पण तेही तेच आहे. तुकड्यांचे पोरांनी गोळे केले. आईनं त्यावर कोकमाचं सरबत ओतलं आणि मला बजावलं, ‘‘तुझ्या त्या जर्मनला लागू देऊ नको, आंबट आहे.’’

जूनमध्ये फ्रेंडशिप. मध्यरात्र उलटल्यावर तंबूतून निघालो, कारण रात्री बर्फ आळलेला असतो आणि दुपारपर्यंत त्याची लापशी होते. पहिलं पाऊल टाकलं आणि खालून आवाज आला, कच्च. कुरडई मोडल्यासारखा. पुन्हा कच्च. दहाही दाते जाऊन बसले. हेडलाइटच्या उजेडात पायाखालचा उतार चकाकत होता आणि मी त्यावर घरच्या जिन्यावर उभं राहावं तसा उभा होतो. पायात काही बांधलंय हे तासाभरात विसरलो. १९०८च्या त्या इंजिनियरला मनातल्या मनात हात जोडले. पुढचा तास माझ्या आयुष्यातला सर्वांत हलका तास होता.

मग दगड आले.

बर्फातून मध्येच वर आलेला खडकाळ पट्टा, पन्नास-साठ पावलांचा. स्टीलवाले त्यावरून खडाखडा वाजवत निघून गेले. मला एचएएलचे काका आठवले, साडेबारा हजार आठवले. खाली बसलो, हातमोजे काढले, पट्टे सोडले, पट्टा ओलांडला, बसलो, पट्टे आवळले, बोटं बधिर. पाच मिनिटं. थोड्या वेळानं पुन्हा दगड. पुन्हा बसलो. आमचा हिमाचली वाटाड्या विशीतला पोरगा. त्याच्या पायात भाड्याचं जुनं स्टील, दाते झिजून वाटाण्याएवढे झालेले. तो वर जाऊन थांबायचा, खाली बघायचा, काही बोलायचा नाही. चौथ्या वेळी बोलला. म्हणाला, साहेब, तुमची ही हलकी आहेत खरी, पण तुम्ही त्यांना फार वेळ हातात घेऊन बसता.

पाचव्या पट्ट्यावर मी लाजेनं तसाच निघालो. करकर, करकर. पायाखाली पैसे झिजत असल्याचा आवाज तोपर्यंत मी ऐकला नव्हता. शिखर दोनेकशे मीटर वर असताना ढग उतरले आणि वाटाड्यानं सगळ्यांना वळवलं. वेळेचा हिशोब कुणी काढला नाही. गिर्यारोहक मनानं मोठे असतात. मेहुणा तर फोनवर एवढंच म्हणाला, ‘‘दाजी, पुढच्या वेळी पुढचा भाग स्टीलचा आणि मागचा अ‍ॅल्युमिनियमचा, अशी मिळतात, ती घ्या.’’

घरी आलो. आईनं दात्यांवरून अंगठा फिरवला, जसा ती विळीवर फिरवते. ‘‘बोथटले,’’ ती म्हणाली. पुढचं ती बोलली नाही, म्हणून जास्त ऐकू आलं. नानांनी कानस घेतली. ग्राइंडर लावायचा नाही, तापून धातूचा कस जातो, असं मी सांगणार तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘छाटणीच्या कात्रीला कधी मशीन लावलंय का मी?’’ ओसरीवर बसून त्यांनी वीसही दाते हातानं काढले, एकाच अंगानं, एकाच दिशेनं. मग ती जोडी खुंटीला टांगली, दाताळ्याच्या शेजारी. तिथं ती शोभतेही.

सराफाकडे पुन्हा गेलो. ५४६ ग्रॅम. दोन ग्रॅम हिमाचलच्या दगडांवर आणि ओसरीवर मिळून राहिले. सराफ म्हणाले, एवढी घट दागिन्यातही धरतात.

येताना मार्केट यार्डावरून आलो. भुईकाटा मोकळा होता आणि मापाऱ्यानं हाक मारली. आधी मला उभं केलं. ७५. मग मला खाली उतरवून क्रॅम्पॉन ठेवायला लावले. लाल आकडा शून्यावर ठाम.

त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली आणि मागच्या ट्रॅक्टरवाल्याला ओरडून सांगितलं, ‘‘बघा राव, मालकात पाच किलो घट आणि मालात काहीच नाही! चाळीत ठेवायला असा कांदा पाहिजे.’’